दीड हात सोडून

बाबा : तर ते कुत्रं म्हणजे कुत्रं नव्हे, वासरूच म्हण. आणि त्याच्या पाठीवर मांजर बसलेलं, ऐटीत. नुसतं कुत्रं असतं तर मी सायकल बाजूनं काढली असती. चाळीस वर्षं कुत्र्यांमधूनच टपाल वाटलंय. पण खाली कुत्रं, वर मांजर, हँडल वळवायचं कुणाच्या हिशेबानं? त्या विचारात होतो तेवढ्यात पडलो.

लेक : हॉस्पिटलात तुम्ही वावटळ सांगितली होती, बाबा.

बाबा : वावटळ होतीच. ती दोघं तिच्यातूनच आली.

मिस्त्री : मला वेगळंच सांगितलंत, काका. रिकाम्या मोटारीचं दार आपोआप उघडलं म्हणालात. आत चिटपाखरू नाही.

बाबा : मिस्त्री, तुम्ही साखळीला वंगण द्या.

लेक : पडलात एकदा, आणि गोष्टी तीन.

बाबा : तीनच? म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलेली अजून तुझ्यापर्यंत आलीच नाही. तिच्यात बँड आहे.

लेक : आता माझं ऐका. आज माझी सुट्टी आहे. आमच्या बस डेपोचं अंगण दुपारपर्यंत रिकामं आहे. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी तुमचा हात झोळीतून काढला, पण सायकल मी कुलपातच ठेवली होती, आज परीक्षेपुरती काढलीय. किल्ली माझ्या खिशात आहे. आधी इथं अंगणात परीक्षा, मग बाहेर रस्त्यावर. पास झालात तर किल्ली तुमची. नापास झालात तर सायकल मिस्त्रींना देऊन टाकायची.

मिस्त्री : मला नको हो. माझी एक आहे, तीच रडते.

बाबा : बघा मिस्त्री, काय दिवस आले. जिला मी पुढच्या दांडीवर बसवून शाळेत नेली, ती माझी परीक्षा घेणार. आणि ती कोण, तर बसवाली. मांजरानं उंदराला पोहायला शिकवावं तसं झालं.

लेक : बसवालीच घेणार. रस्त्यात सायकलवाल्याला सगळ्यांत जवळून कोण बघतं? किंवा बघत नाही, ते पण आम्हीच सांगू शकतो.

बाबा : आणि माझी अकरा घरं? वाचनालयाची पुस्तकं कोण पोचवणार? तिसऱ्या गल्लीतल्या हेडमास्तरीणबाईंना गुडघ्यांमुळं जिना उतरवत नाही. त्यांना मी रहस्यकथेचा पहिला भाग देऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी पडलो. बाई सहा आठवडे खुनी शोधतायत. आता त्यांचा माझ्यावर संशय आहे.

लेक : म्हणून तर किल्ली आणलीय. नाहीतर घरीच ठेवून आले असते. मिस्त्री, सायकल बघितलीत?

मिस्त्री : बघितली. खरं सांगू की काकांना बरं वाटेल असं?

लेक : खरं.

मिस्त्री : ब्रेकचे गुटके झिजून पापडी झालेत. पुढचा ब्रेक धरला की नुसता आवाज करतो, मागचा तेही करत नाही. टायरची नक्षी गेली. मागचा लाल दिवा आहे, त्यात सेलच्या जागी कुणीतरी लवंगा ठेवल्यात.

बाबा : घसा बसतो कधीकधी. हाताशी असाव्यात.

लेक : लाल दिव्यात लवंगा?

बाबा : मागून येणाऱ्याला वासानं कळतं. बाकी ब्रेकचं म्हणशील तर मिस्त्रींना माझे जुने ब्रेक माहीत नाहीत. टपालखात्याच्या सायकलचे. एकदा उतारावर असे करकचून लावले की सायकल जागच्या जागी थांबली आणि मागून माझी सावली येऊन मला धडकली.

मिस्त्री : लागलं का?

बाबा : तिला लागलं. दोन दिवस लंगडत होती, उन्हात बघायचे लोक.

लेक : मिस्त्री, हसू नका, त्यांना जोर येतो. गुटके बदला. टायर?

मिस्त्री : दोन्ही बदलतो. पडून आहेत माझ्याकडे, फार जुने नाहीत. हवा अंगठ्यानं दाबून बघत जा काका, निघायच्या आधी रोज. अंगठा आत गेला तर निघू नका. ब्रेक दोन्ही धरून सायकल पुढं ढकलून बघा. हलली तर निघू नका. लोखंडाला थापा मारता येत नाहीत.

बाबा : हा टोमणा होता.

मिस्त्री : लोखंडाबद्दल बोलत होतो.

लेक : आणि ही पिशवी. हँडलला पुस्तकांची पिशवी लटकवून तुम्ही निघता?

बाबा : हो. तोल राहतो.

लेक : तोल जातो. पिशवी चाकात गेली की चाक थांबतं, आणि तुम्ही थांबत नाही. मागं कॅरिअरवर, पट्ट्यानं आवळून. आणि हे डोक्याला.

बाबा : हे पातेलं?

लेक : हेल्मेट आहे.

बाबा : यात रस्सा करता येईल चौघांचा. अगं, टपालखात्याची टोपी घालून चाळीस वर्षं...

लेक : पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच ढिला. मागं नका सारू, कपाळावर आलं पाहिजे. हां. छान दिसताय.

बाबा : मिस्त्री, खरं सांगा.

मिस्त्री : खरं सांगू की बरं वाटेल असं?

बाबा : राहू द्या.

लेक : ब्रेक अजून बदलायचेत, तेव्हा अगदी सावकाश त्या खांबापर्यंत जा, वळा आणि परत या. वळायच्या आधी मागं बघायचं, मग हात दाखवायचा, मग वळायचं.

बाबा : हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? मी वळलो की लोकांना दिसेलच की मी वळलोय.

लेक : वळल्यावर दिसून काय उपयोग? आधी दिसलं पाहिजे. माझ्या पुढचा सायकलवाला हात दाखवतो तेव्हा मला वाटतं हा माणूस आहे, ह्याला कुठंतरी जायचंय. दाखवत नाही तेव्हा वाटतं हे पतंगासारखं आहे, कुठं जाईल ह्याचं ह्यालाच माहीत नाही. जा.

मिस्त्री : गेले बरं का. छान चालवतात अजून. पाठ बघा कशी ताठ आहे.

लेक : चालवतात छानच. मला त्यांनीच शिकवलं. मान बघा त्यांची. मान कुठं चाललीय?

मिस्त्री : भिंतीकडं.

लेक : सारखी भिंतीकडं. काय आहे तिथं?

मिस्त्री : काही नाही. नोटिसांचा फळा, आणि ती आपल्या तक्रारींची पेटी.

लेक : पेटी. हं.

बाबा : काय मग? मागं बघितलं, हात दाखवला, वळलो. आता दे.

लेक : मागं बघितलंत ते कुणाला दिसलं? मान एवढीशी हलवलीत. खांद्यावरून बघायचं, हनुवटी खांद्याला लागली पाहिजे. मागच्याच्या डोळ्याला डोळा भिडला की तो आपोआप थोडं दबतो. माणूस तोंड बघितल्यावर माणसाला सहसा उडवत नाही.

बाबा : हे मात्र खरं. मी सहावीच्या मास्तरांच्या डोळ्याला डोळा भिडवला होता. त्यांनी उडवलं, पण थोडं दबूनच.

लेक : आता बसमध्ये चढा.

बाबा : कुठं जायचंय?

लेक : कुठं नाही. माझ्या सीटवर बसा, ड्रायव्हरच्या.

मिस्त्री : ताई, डेपो मॅनेजर बघतील हो.

लेक : इंजिन बंद आहे, चाकांना ठोकळे तुम्हीच लावलेत. आणि मॅनेजर आज सासरवाडीला गेलेत, येताना तोंड पाडूनच येतील, त्यांना काही दिसणार नाही. चढा, बाबा. दांडी धरा. तो हात नको, दुसरा.

बाबा : अहाहा. अगं, हा तर मनोरा आहे. जन्मभर मी खालून ह्या खिडक्यांकडं बघितलं आणि वरून लोक माझ्यावर ओरडले. आता मला एकदा ओरडू दे. ए म्हाताऱ्या, रस्ता काय तुझ्या काकाचा आहे?

मिस्त्री : मला म्हणताय का?

बाबा : जो अंगाला लावून घेईल त्याला.

लेक : आरसा नीट दिसतो? दाराकडचा?

बाबा : दिसतो. त्यात मिस्त्री आहेत, माझ्या सायकलला हात लावून हसतायत.

लेक : आता ती सायकल मी घेते आणि बसच्या दाराच्या अंगानं मागून पुढं येते. चालतच येते. मी कुठं आहे ते तुम्ही फक्त सांगत राहा. थाप नको, जे दिसेल ते.

बाबा : हातच्या काकणाला आरसा कशाला, आणि इथं तर दोन-दोन आरसे आहेत. ये. दिसतेस. मागच्या चाकापाशी आहेस. ओढणीचं टोक सावर, साखळीत जाईल. ये पुढं. दिसतेस. दिसतेस. आता अर्धी दिसतेस. आता नाहीस.

लेक : कुठं गेले?

बाबा : मागं सरकलीस.

लेक : नाही.

बाबा : मग दारातून आत चढलीस.

लेक : दार बंद आहे, बाबा. थांबा, घंटी वाजवते. आली ऐकू?

बाबा : आली. जवळूनच आली. पण आरशात नाहीस. काचेतूनही नाहीस. वाकून बघतो, थांब. नाहीस. अगं, पुरे झाला लपाछपीचा खेळ.

लेक : मी लपलेली नाही. पुढच्या चाकाशेजारी आहे, बसला तळहात लावून उभी आहे. हा बघा, थापटते. ऐकू येतंय?

बाबा : ऐकू येतंय.

लेक : दिसतेय?

बाबा : नाही.

मिस्त्री : आहेत हो काका तिथंच. मी बघतोय ना.

बाबा : मला माहीत आहे ती आहे. मला दिसत नाही. पोरी, आधी समोर ये. अशी काचेसमोर ये.

लेक : आले. ही काय.

बाबा : हां. तिथंच राहा जरा.

मिस्त्री : काका, पाणी आणू?

बाबा : नको. मिस्त्री, ती जिथं उभी होती ना, त्या फटीत मी रोज असतो. थांब्यावर बस उभी असली की आतल्या अंगानं मी सटकन पुढं काढायचो. बस सुटून वळायला लागली की मी अंगठ्यानं घंटी वाजवत ओरडायचो, दिसत नाही का रे? मला वाटायचं बघतोय आणि मुद्दाम दाबतोय. किती जणांना शिव्या घातल्यात मी.

लेक : त्याला तिथं माणूस दिसत नाही, बाबा. मोकळा रस्ता दिसतो. म्हणून तो वळतो. आणि एवढी लांब बस वळली की मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून येतात, ती फट मिटते. तिथं तुम्ही कितीही चांगली सायकल चालवा, उपयोग नाही.

मिस्त्री : सोपं आहे, काका. आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसलं तर तुम्ही त्याला दिसता. त्याचं तोंड दिसलं नाही, तर त्याच्या लेखी तुम्ही जन्मलाच नाहीत.

बाबा : आणि दिसलं नाही तर?

लेक : मागं थांबायचं. बस जाऊ द्यायची. बसला वेळापत्रक असतं, पुस्तकाला नसतं.

बाबा : उतरतो मी आता.

लेक : सावकाश. पहिल्या पायरीवर पाय ठेवा, मग दुसऱ्या. बसा इथं ठोकळ्यावर. बाबा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. तुम्ही पडलात त्या दिवशी मी बसवरच होते. कंट्रोलरनं वायरलेसवर कळवलं, तुझे वडील सायकलवरून पडलेत, हॉस्पिटलात नेलंय. एवढंच. पुढचं त्यालाही माहीत नव्हतं. मागं भरलेली बस, आणि शेवटच्या थांब्याला अजून बारा थांबे होते. मी बाराही घेतले. प्रत्येक थांब्यावर दार उघडलं, लोक चढवले, उतरवले, दार लावलं. एक आजी म्हणाली, बाई, किती छान चालवतेस, पोटातलं पाणी हलत नाही.

बाबा : हे तू बोलली नाहीस कधी.

लेक : तुम्ही बोलू देता का? मी आले तर तुमची वावटळ सुरू होती, तीन नर्सा हसत होत्या. मी पण हसले. म्हणून आज विचारते. परीक्षेतला हा शेवटचा प्रश्न समजा. कसे पडलात?

बाबा : चुकलं उत्तर तर?

लेक : चुकलं तर चालेल. खोटं असलं तर नापास.

बाबा : मिस्त्री, तुम्हाला काही काम नाही का?

मिस्त्री : गुटके बसवतोय ना. कान रिकामे आहेत, त्याला मी काय करू?

बाबा : ऐका मग दोघंही. चाळीस वर्षं टपाल वाटलं की डोळ्यांना खोड लागते. रस्त्यानं चाललो तरी नजर पत्रपेट्यांवरच. कुणाची भरली, कुणाची गंजली, कुणी नवी पाटी लावली. सायकलही मग त्या अंगानंच जाते, भिंतीला लागून, उभ्या मोटारींना खेटून. आता पेट्यांत असतं काय? जाहिराती, बिलं, सगळं छापील. त्या दिवशी मोठ्या रस्त्यावरच्या, बाहेरून जिना असलेल्या एका घराच्या पेटीतून एक पाकीट बाहेर आलेलं. अर्धं. आणि वर हातानं लिहिलेलं. शाईनं. अगं, वर्षभरात हातानं लिहिलेलं पाकीट बघितलं नव्हतं मी. अक्षर तिरपं, वळणदार. म्हटलं नाव कुणाचं आहे बघू या. पहिलं अक्षर लागलं, दुसरं लागत होतं, तेवढ्यात मोटारीचं दार उघडलं.

मिस्त्री : म्हणजे दार खरंच होतं.

बाबा : दार खरं होतं. आत माणूसही होता. चांगला होता बिचारा, त्यानंच मला उचललं, रडायला आला होता. मी त्याला म्हटलं, तुमची चूक नाही. आणि नव्हतीच सगळी. मी दाराच्या टप्प्यातून चाललो होतो आणि बघत होतो भलतीकडं.

लेक : एवढंच होतं, तर मला का नाही सांगितलंत?

बाबा : तुला दांडीवर बसवून शिकवलं कुणी? नजर रस्त्यावर ठेव, नजर रस्त्यावर ठेव, असं ओरडून ओरडून शिकवलं. तू नव्या ड्रायव्हर पोरींना सांगतेस ना, माझ्या बाबांनी शिकवलंय म्हणून? मला ठाऊक आहे, कॅन्टीनमध्ये ऐकलंय मी. त्यांना काय सांगणार होतीस मग? बाबा पाकीट वाचत होते म्हणून? त्यापेक्षा कुत्रं बरं. कुत्र्यात अब्रू राहते.

लेक : मी त्यांना हेच सांगणार आहे, बाबा. पाकीट वाचत होते म्हणून पडले. ह्यापेक्षा चांगलं कारण मी तरी ऐकलं नाही.

बाबा : हसतेस तू.

लेक : हो. तुम्ही पण हसताय.

मिस्त्री : मी पण. गुटके बसले, टायर बसले. लवंगा काढल्यात, सेल घातलेत. घ्या, काका.

लेक : मिस्त्री, तुमची रडणारी सायकल मला द्या. मी मागं येते. बाबा, चला. मोठ्या रस्त्यानं त्या जिन्याच्या घरापर्यंत जायचं आणि परत.

(डेपोच्या फाटकाबाहेर, वाहत्या रस्त्यावर. पुढं बाबा, त्यांच्या मागं मिस्त्रींच्या सायकलवर लेक.)

लेक : आत नका घुसू. उभ्या मोटारींपासून दीड हात सोडा. दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही एवढं.

बाबा : इतक्या बाहेर आलो तर मागची रिक्षा ओरडते.

लेक : ओरडू दे. ओरडते म्हणजे तिनं बघितलंय. न ओरडणाऱ्याची काळजी करायची. सरळ रेघेत चला. मोकळी जागा दिसली की आत, मोटार आली की बाहेर, असं सापासारखं नाही. मागच्याला कळत नाही तुम्ही कधी उगवणार ते.

बाबा : ह्या इथं, ह्या लोखंडी झाकणाच्या जागी पूर्वी खड्डा होता. एकदा मी सायकलसकट आत गेलो. खाली बघतो तर दोघं जण पत्ते खेळत बसलेले. म्हणाले, बरं झालं आलात, तिसरा भिडू हवाच होता.

लेक : मान पुढं. झाकणावर ब्रेक धरू नका, ओलं आहे. पांढऱ्या पट्ट्यांवर पण नाही. आधी वेग कमी करा, मग अलगद सरळ ओलांडा. हां. मग काय झालं?

बाबा : तीन डाव हरलो. तिघांत ठरलं होतं, जो जिंकेल त्यानं वर यायचं. त्यामुळं त्या दिवशीचं टपाल संध्याकाळी वाटलं.

लेक : आणि तिसरा डाव हरून वर कसे आलात?

बाबा : ते दोघं कंटाळले माझ्या बोलण्याला. त्यांनीच ढकलून वर काढला.

लेक : बाबा, मान. परत भिंतीकडं गेली.

बाबा : हिरवी पेटी होती गं. नवीन.

लेक : बघायची आहे ना? मग खांद्यावरून मागं बघा, हात खाली करून थांबतोय म्हणून दाखवा, कडेला घ्या, उतरा, सायकल फुटपाथवर चढवा आणि पोटभर बघा. चालवताना रस्ता, उतरल्यावर पेटी. दोन्ही एकदम नाही.

बाबा : असं म्हणतेस. थांब मग. बघितलं मागं. हात दाखवला. उतरलो. ही बघ. चांगली आहे, तोंडाला झाकण आहे, पावसानं भिजणार नाही. चल.

लेक : झालं समाधान?

बाबा : झालं. मजा आहे ह्यात. उतरून बघितलं की दिसतं तरी नीट. चाळीस वर्षं मी सगळ्या पेट्या हलत्याच बघितल्या.

लेक : पुढं चौक आहे. सिग्नलला बस उभी आहे. काय करणार?

बाबा : आतल्या अंगाला फट आहे. चांगली तीन हात आहे.

लेक : आहे.

बाबा : पूर्वीचा मी तर एव्हाना पुढं जाऊन दिव्याखाली उभा राहिलो असतो.

लेक : आताचे तुम्ही?

बाबा : तिच्या आरशात तोंड दिसत नाही. इथं मागंच थांबतो, लेनच्या मधोमध, म्हणजे माझ्या मागच्यालाही मी दिसेन. धूर खातो थोडा. बरोबर?

लेक : बरोबर.

बाबा : गेली बस. वळली. बघ, मिटली फट. अगदी भिंतीला घासून गेली गं.

लेक : चला, हिरवा आहे अजून. दोन्ही बाजूंना बघून मग. हिरवा आपल्याला दिसतो म्हणून समोरच्याला लाल दिसतोच असं नाही.

बाबा : हे वाक्य माझं आहे. तू सातवीत होतीस.

लेक : तुमचंच आहे. मी रोज वापरते. आता ह्या गल्लीत मोटारी दाट लागल्यात. दीड हात.

बाबा : दीडच्या वर दोन बोटं सोडलीत. ती निळी मोटार बघ, आत डोकं हललं. कुणीतरी उतरणार आहे. ब्रेकवर बोटं ठेवतो.

लेक : ठेवा. आलं बघा दार.

बाबा : आलं. पूर्ण उघडलं. नमस्कार, ताई, सावकाश उतरा, घाई नाही.

लेक : बाबा.

बाबा : काय?

लेक : दार लागलं नाही, बघितलंत? चला पुढं. तेच ना ते जिन्याचं घर?

बाबा : तेच. थांबतो. मागं बघितलं, हात दाखवला. ही ती पेटी.

लेक : पाकीट नाही आता.

बाबा : कसं असेल? सहा आठवडे झाले. कुणीतरी नेलं, फोडलं, वाचलं असणार. एका वेळेला वाचून भागलं नसेल, असं अक्षर होतं. कदाचित उत्तरही लिहिलं असेल.

लेक : हात पुढं करा.

बाबा : का?

लेक : करा. मोडलेल्या बाजूचा करा, बघू दे उचलतो का. हां. धरा.

बाबा : किल्ली? अगं, अजून परत जायचंय. वाटेत नापास झालो तर?

लेक : परत जाताना तुम्ही माझ्या मागं या. माझं काही चुकलं तर सांगा.

(परत डेपोच्या अंगणात.)

मिस्त्री : आलात एकदाचे. मी फाटकापर्यंत तीन चकरा मारल्या. चौकात काहीतरी अडलं होतं म्हणे, हॉर्न ऐकू आले. माझी सायकल धड आहे का, ताई?

लेक : धड आहे. रडली थोडी. चहा आहे?

मिस्त्री : ठेवलाय. काका, हेल्मेट काढा आता, आत आलोय आपण. बसा इथं. एवढा वेळ लागला म्हणजे रस्त्यात जंगी काहीतरी झालं असणार. सांगा, मी सगळी कामं बाजूला ठेवलीत.

बाबा : गेलो, आणि आलो.

मिस्त्री : आणि मध्ये?

बाबा : मध्ये रस्ता होता.